आबांच्या डोक्यावरची टोपी

विमलअक्का वर्गात शिरायच्या त्या हातात पुरुषाची पांढरी टोपी घेऊन! जळगावात आमच्या संस्थेत त्या प्रोग्रॅमिंग शिकवत, मी शेजारच्या खोलीत हार्डवेअर. पण त्यांचा तास रंगला की माझी मुलं दारात, आणि त्यांच्या मागे मीही.

एक आणि शून्य म्हणून दोन पोरं शेजारी उभी करायची. "हे झाले दहा." मग पहिल्याच्या डोक्यावर टोपी. "हे पुढे लावलेलं शून्य. आता सी भाषा यांना काय म्हणेल? दहा? अहं! टोपीवाल्याला ती आठ-आठच्या हिशेबाने मोजते. ०१० म्हणजे आठ!" दशांशाचं मात्र उलटं. "नुसतं .५ भाषेला चालतं, माले नही चालस! टिंबाआधी शून्य लिहा. त्याला उघड्यावर सोडू नका."

एरंडोलची रोहिणी त्यांची लाडकी. तिने केळीच्या बागेला खताचं पाणी मोजून सोडणारं यंत्र केलं होतं. ते पाहायला धुळ्याच्या एका कंपनीचे साहेब आले. पसंत पडलं तर नोकरी, नाही तर पोरगी परत घरी. शिक्षकांनी मध्ये बोलायचं नाही, ही अट.

दहा लिटर सोडायचे होते. यंत्र आठवर थांबलं. पुन्हा लावलं, पुन्हा आठ! "पंपच कमकुवत दिसतोय," साहेब म्हणाले. रोहिणी घाबरून नळ्या हलवू लागली. घरी खताच्या डब्यांवर तीन आकडी नंबर टाकायची सवय. तिने प्रोग्रॅममध्येही दहाचे ०१० केले होते. पडद्यावर ते आम्हाला लख्ख दिसत होतं.

अक्का पदर चावत बसल्या होत्या. एकदम उठल्या आणि समोर बसलेल्या आमच्या शिपाई आबांच्या डोक्यावरची टोपी खस्सकन ओढली!

साहेब वळले. "काय झालं मॅडम?"

"काही नाही. आबांना गरम होतंय."

"माले?" आबा टक्कल चाचपत म्हणाले.

रोहिणीने आबांचं टक्कल पाहिलं, मग पडदा, आणि पुढचं शून्य पुसलं. यंत्र सुरू. आठ... नऊ... दहा. बंद!

"माय वं! बठ्ठं बरोबर शे!" सगळं बरोबर आल्याच्या आनंदात अक्कांनी आबांना टोपी चढवली, तीही उलटी. साहेबांनी मला खूण करून विचारलं. मी काहीच पाहिलं नव्हतं.

अक्का आता निवृत्त होऊन धुळ्यालाच राहतात. परवा फोनवर तक्रार करत होत्या, "रोहिणीच्या हाताखाली नवी पोरं आलीत. माझी टोपी मागून नेली, आता परतच देत नाही!"

तक्रार करताना त्यांना हसू आवरत नव्हतं.