मोजणीआधी लिंपलेल्या भिंती

“अप्पांसारखा व्यवहाराला चोख माणूस बुडाला, तो आपल्या सुपरवायझरच्या उतावळेपणामुळे. त्याने मोजणी होण्याआधीच भिंती लिंपून घेतल्या.” अप्पांच्या शोकसभेत हे वाक्य माइकवरून बोलले गेले आणि सभेने माना डोलावल्या. तो सुपरवायझर मी. वक्त्याने अप्पांना ओळखले ते त्यांच्या म्हातारपणी. मी त्यांच्या हाताखाली चौदा वर्षे काढली. तेव्हा अप्पा कोण होते, हे सांगण्याचा अधिकार माझा आहे.

विजेचे ठेकेदार लातुरात पुष्कळ होते. पण ज्याच्याकडून बिल यायचे त्याच्या घरचे पाणी न पिणारा ठेकेदार एकच. दुष्काळात आम्ही शिरूर अनंतपाळ आणि देवणीकडे विहिरींवर मोटारी बसवीत होतो. चाकूरच्या एका मुख्य ठेकेदाराने आमचे बिल अडवले. अप्पा रोज सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. कपाळाला भस्म, शेजारी घरून आणलेला तांब्या. भांडण नाही, आरडाओरड नाही. तिसऱ्या दिवशी घरातल्या बाई पेला घेऊन बाहेर आल्या.

“अप्पा, ऊन लई हाय. घोटभर तरी घ्या.”

“ताई, बिल निघू द्या, मग मागून पितो. आज प्यालो तर उद्या तोंड उघडायची लाज वाटंल.”

संध्याकाळी बिल निघाले. अप्पांनी पाणी मागवले, अर्धा पेला प्याले आणि उरलेले दारातल्या तुळशीला घातले. त्या साली पाणी सांडणे हा गुन्हा होता.

मी आयटीआय केलेला, म्हणून त्यांनी माझे नाव ‘सर्टिफिकेटवाले’ ठेवले होते. “काय सर्टिफिकेटवाले, करंट काय सर्टिफिकेट बघून लागतंय व्हय?” असे ते मजुरांसमोर विचारीत. पण थकलेल्या बिलांची पत्रे ते मलाच लिहायला लावीत. मी ‘नम्र विनंती’ लिहिले की म्हणत, “नम्र खोडा. विनंतीबी खोडा. काम केलंय आपण, भीक न्हाई मागत.”

त्यांचा सर्वांत कडक नियम भिंतीतल्या वायरींच्या पाइपांचा होता. भिंतीला खाच पाडून पाइप बसवला, की आधी सरकारी अभियंत्याने मोजायचा, ते मोजमाप सरकारी पुस्तकात चढवायचे. त्यानंतरच गवंड्याने प्लास्टर करायचे. “भिंत लिंपली की पाइप आपला न्हाई,” असे ते म्हणत, आणि मोजणी होईपर्यंत मी गवंड्यांच्या थापीपुढे उभा राहत असे. हा नियम लातूरचे इतर ठेकेदारही अप्पांच्या नावाने सांगत.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या उभ्या राहू लागल्या आणि प्रत्येकाला उद्घाटनाची घाई झाली. आमच्याकडच्या एका इमारतीत सरकारी अभियंता साहेबांनी करारात नसलेली अख्खी बाजू तोंडी वाढवली. आम्ही तिथेही पाइप टाकले. एके दुपारी अप्पा साहेबांच्या दालनातून बाहेर आले ते हसतच.

“साहेबांनी शब्द दिलाय. मोजणी मागाहून.”

“अप्पा, लेखी घेतलं का?”

“आता तुम्ही मला शिकवणार, सर्टिफिकेटवाले?”

दोन दिवसांत भिंती लिंपून झाल्या. उद्घाटन थाटात पार पडले. साहेबांची बदली झाली. नवे साहेब गुळगुळीत भिंतीवरून हात फिरवीत म्हणाले, “मला तर इथं काहीच दिसत नाही.” वाढीव कामाचे बिल नामंजूर झाले आणि प्रकरण लवादापुढे गेले.

सुनावणीच्या दिवशी पायऱ्या चढताना अप्पांनी मला बजावले, “आत बोलणारं तोंड एकच पायजे. तुम्ही गप ऱ्हा.” मी गप्प राहिलो. आपल्या प्रकरणाची वाट पाहत आणखी दोन ठेकेदार मागे बसले होते. लवादाने विचारले, “मोजणी न होता प्लास्टर करू दिले कोणी?” अप्पांनी एकदा त्या दोघांकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही.

“आमच्या सुपरवायझरनं. पोरगं हुशार हाय, पण घाई केली.”

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. कारकुनाने ते लिहून घेतले. दावा तर गेलाच. पण त्यानंतर लातुरात एकाही ठेकेदाराने मला साइटवर उभे केले नाही. बाहेर आल्यावर अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला. पुढे ते दोनदा माझ्या घरी येऊन गेले, दोन्ही वेळा मी आत असूनही नाही म्हणून सांगायला लावले. याची मला आज खंत वाटते. पण लवादापुढच्या त्या बोलण्याची खंत त्यांना वाटली असती, तर त्यांनी ती लोकांत बोलून दाखवायला हवी होती.

त्यांनी ते पैशासाठी केले नाही. आपला नियम आपणच मोडला, हे त्या दोघांसमोर त्यांना म्हणवले नाही. एवढ्यासाठी माझे नाव गेले. लोकांनी अप्पांना थोर म्हणावे, मीही म्हणतो. मात्र उतावळेपणाचा शेरा माझ्या माथी मारणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी: भिंती लिंपल्या त्या दोन्ही दिवशी मी लातुरात नव्हतो. मेन स्विच आणायला अप्पांनीच मला नांदेडला पाठवले होते.