लाँगबोर्डचा नट मी आवळला

मंडळी, आज सकाळी पडलो. हाडं शाबूत आहेत, पण फार दमलोय.

माझी मुलगी आयटीत आहे. तिला रविवार तेवढा मोकळा, आणि त्या दिवशी ती मला लाँगबोर्ड, म्हणजे लांब स्केटबोर्ड, शिकवते. मला झेपेल अशी लांब, जमिनीलगतची फळी आणि मऊ चाकं तिनेच निवडून जोडली.

काल फळीवर उभा राहिलो, तर खालून कुरकुर ऐकू आली. पाहतो तर चाकांचा दांडा फळीला धरून ठेवणारा नट ढिला. धायरीत तीस वर्षं वर्कशॉप चालवतोय, ढिला नट मला बघवत नाही. पान्याने गच्च आवळला.

आज सोसायटीच्या वळणावर मी झुकलो, फळी सरळच गेली. मी मेंदीच्या कुंपणात.

"बाबा, नट कोणी आवळला? तो ढिला असतो म्हणून तर बोर्ड वळतो!"

"अगं, मला वाटलं तू विसरलीस."

"तुमचं वजन बघून तेवढाच ठेवला होता. माझं एकतरी काम न तपासता सोडलंय का तुम्ही?"

मी अंगावरची मेंदीची पानं झटकत उठलो.

दुपारी तिने तो पुन्हा ढिला केला. मी शेजारी हात मांडीखाली घेऊन बसलो. आज सगळ्यात जास्त दमलो ते तेव्हाच.

तुम्हाला जमतं का हो, मुलांचं काम न तपासता सोडायला?