नर नसलेली बाटली

भूमच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत मी गांधीलमाशीच्या कुळातले, पण पूर्णविरामाएवढे कीटक वाढवते. ते किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालतात आणि किडीऐवजी तेच बाहेर पडतात. अशी अंडी चिकटवलेली कार्डं वाशीकडचे ऊसवाले पानांना बांधतात आणि निर्धास्त होतात. कार्डावर जातीचं नाव असतं. खाली सही माझी.

ही जात मला माझ्याआधी इथलं काम पाहणाऱ्या आमच्या बाईंकडून मिळाली. अकरा वर्षं त्यांनी ती सांभाळली. निवृत्त होऊन उमरग्याला जाताना बाटली माझ्या हातात देत म्हणाल्या, "लेकरागत जप, बाई." मी जपली. दिवाळीलाही आधी तिला नवी अंडी दिली, मगच घरी गेले.

यंदा मार्चमध्ये सहज भिंगाखाली पाहिलं, तर बाटलीत एकही नर नव्हता. पुढच्या पिढीतही नव्हता. नराशिवायच माद्यांना लेकी होत होत्या, त्या लेकींना पुन्हा लेकी. आमची जात असं करत नाही. पण सख्ख्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या या जाती ओळखायच्या तर नरच लागतो, त्याच्या पोटाच्या टोकाची रचना पाहावी लागते. नर नाही, म्हणजे नाव नाही. बाटली फिरवली की त्या सगळ्या काचेवरून चालत पुन्हा खिडकीच्या उजेडाकडे जमायच्या. मला त्यांची भीती वाटू लागली. हसा खुशाल.

एप्रिलमध्ये दोन दिवस वीज गेली आणि खोली भट्टीसारखी तापली. म्हटलं, गेलं सगळं. पण त्या उष्म्यात वाढलेल्या माद्यांच्या पोटी झुपकेदार मिशांचे नर निघाले. अशा माद्यांच्या अंगात एक जिवाणू असतो, तोच नर होऊ देत नाही, आणि उष्णतेने तो मरतो. हे मी वाचलेलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होते.

एक नर काचपट्टीवर घेतला. तो आमच्या जातीचा नव्हता. दुसरीच कुठली तरी जात कधीतरी बाटलीत शिरली होती आणि आमचीला संपवून तिच्याच नावाने नांदत होती. उसाच्या किडीला ती शिवते तरी का, देव जाणे.

मी बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तिथं होते तवाच नर दिसंनासे झाले. नाव बदलायची हिंमत झाली न्हाय. वाटलं, तू बघशील."

"मग सांगायचं नाही का तुम्ही?" मी ओरडलेच. रागारागाने नोंदवही उघडली, त्यांची लबाडी दाखवायला. 'नर' या रकान्यात दर पिढीला त्यांच्या अक्षरात 'आहेत' होतं. त्याखाली, मार्चपर्यंतची तीन वर्षं, माझ्या अक्षरात 'आहेत'. पहिलं त्यांचं पाहून उतरवलेलं, पुढची सगळी माझंच पाहून.

फोन केव्हा ठेवला, आठवत नाही. त्या दिवसाच्या रकान्यात मी 'आहेत' लिहिलं. माझ्या अक्षरातला तो शब्द पहिल्यांदाच खरा होता. मग कार्डांचा गठ्ठा बाजूला सारून वाशीला पहिला फोन लावला.