पंचातली कडू साल

नाशिकला लोक वाईन प्यायला जातात. मी तिथे एका विसरलेल्या कॉकटेलच्या मागे लागले. पुण्यातल्या एका बारमध्ये मी पेयं बनवते, हे ऐकलं की आमच्या नातेवाइकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. अपवाद नाशिक रोडच्या मामाचा. त्याची सगळी नोकरी एका जुन्या क्लबच्या बारमागे झाली.

गेल्या वर्षीच्या तापात मामाची चव गेली, ती परतलीच नाही. मामीने ठेचा केला, कारली केली, तो म्हणे, "भुसा." जगायचं म्हणून दोन घास गिळायचा. मी भेटायला गेले तेव्हा मात्र मला बघून त्याला क्लबातलं ‘पंच’ हे कॉकटेल आठवलं. मोहाच्या फुलांची दारू, गूळ, लिंबू, सुंठ आणि कसलीशी साल.

"पेठकडून यायची. नाव आठवत नाही गं, पण कडू जहर! ती जिभेला लागली तर लागेल, नाहीतर काहीच नाही."

त्याच्या आवाजातली आशा ऐकून मला धडकीच भरली.

सकाळी पेठची एसटी धरली. सावळघाटात साग दाटला होता, उतारांवर नागलीची (नाचणीची) हिरवी वावरं होती. विचारत विचारत एका पाड्यावर सोनीबाईंकडे पोचले. त्यांच्या बाटलीत मोहाची होती आणि तळाशी सालीचे तुकडे. त्यांनी पेला दिला, मी धंद्याच्या सवयीने आधी वास घेतला. त्यांनी पेला काढूनच घेतला.

"नाय बाय! आधी धरतरीला (धरणीमातेला), मंग तुला."

चार थेंब जमिनीवर सांडून पेला परत मिळाला. मी ओशाळून घोट घेतला. आधी फुलांचा गोडवा, मग धूर, आणि सगळं संपलं असं वाटताना असा कडवटपणा चढला की मी थक्क होऊन बसून राहिले.

"कुड्याच्या झाडाची साल हाय," त्या हसल्या. "पोटाला लय चांगली."

बाटली त्यांनी मामासाठी देऊन टाकली.

संध्याकाळी मामीच्या ओट्यावर पंच केला. मामाने घोट घेतला. चेहरा कोराच. मामीने मान फिरवली. आणि मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"कडू! कडू लागतंय गं!"

मामी सवयीने साखरेचा डबा घेऊन धावली. मामाने तिचा हात धरला. त्याचे डोळे वाहत होते.

"साखर नको. राहू दे जिभेवर."

पुण्याच्या बसमध्ये मी वेड्यासारखी हसत होते. गोडासाठी रुसणारी माणसं पुष्कळ पाहिली. कडू लागलं म्हणून आनंदाने रडणारा माणूस माझ्या मामासारखा दुसरा पाहिला नाही.