विहिरीतला अजगर

ही गोष्ट मी पन्नास वर्षं टाळली. शाळेच्या स्मरणिकेत नाटकाबद्दल लिहिलं, तेव्हाही टाळली. आमच्या नाटकातल्या अजगराचा आवाज सोसायटीच्या चेअरमनच्या पुतण्याचा नव्हता. तो निवृत्ती कांबळे यांचा होता.

बहात्तरच्या दुष्काळात नळदुर्गजवळच्या आमच्या गावाबाहेर निवृत्ती खडी फोडायचे. रिकामं भांडं दिसलं की त्यात तोंड घालून खर्जात 'हूंऽऽ' लावायचे. त्या साली रिकाम्या भांड्यांना काय तोटा! "भरलेलं मुकं असतंय मास्तर," म्हणायचे, "रितं झालं की बोलतंय." घागरीतून निघालेला तो सूर माझ्या पोटात थरथरायचा.

आमची शाळा चालवणाऱ्या सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमासाठी मी नाटक बसवत होतो. हैदराबादला शिकताना एका प्राध्यापकांनी जर्मन संगीतनाटकाच्या तबकड्या ऐकवल्या होत्या. त्यात एक राक्षस सोन्यासाठी सख्ख्या भावाला मारतो आणि अजगर होऊन गुहेत त्या सोन्यावर वेटोळं घालून बसतो. तिकडे त्याचा आवाज कर्ण्यातून काढतात. निवृत्तींना मी गोष्ट सांगितली.

"सोनं हाय, पन खातो काय त्यो?"

"काही नाही. नुसता झोपतो."

"उठतच न्हाय? मग आपल्या चेअरमनलाच घ्या की!"

हसता हसता मला एकदम सुचलं. कर्णा कशाला? स्टेजमागेच गावची पायऱ्यांची विहीर कोरडी ठणठणीत पडली होती!

निवृत्ती काठावर थबकले. "पानी असतं तर शिवू दिलं असतं का हो?" मी विहिरीत डोकावलो. तेच हसले. "चला, अजगराला जात नसती." खाली उतरले आणि सूर लावला. दगडन् दगड गुणगुणायला लागला. "मास्तर! लई घुमतंय की हो!" ते खालून ओरडले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी युरियाच्या गोण्या शिवून केलेल्या कातड्यात चेअरमनचा पुतण्या जबडा उघडायचा आणि जमिनीखालून निवृत्ती गायचे. काय सांगू! पहिल्याच सुराला पुढची पोरं मागं पळाली, बाया उठून उभ्या राहिल्या, बैलांनी कासरे ताणले. नायकानं तलवार खुपसली. मरता मरता अजगर आपण मारलेल्या भावाला आठवून गायला, तेव्हा अख्खं मैदान चिडीचूप झालं. मग टाळ्या, शिट्ट्या!

चेअरमननं पुतण्याला मिठी मारली. "काय आवाज काढला रं वाघा!" आणि माईक माझ्या हातात दिला. फक्त एक नाव घ्यायचं होतं. पण गावच्या विहिरीत कोण उतरलंय, हे गावासमोर सांगायची माझी छाती झाली नाही. नोकरी नवी होती. मी पुतण्याचं नाव घेतलं.

निवृत्तींनी ते खाली बसून ऐकलं. मैदान मोकळं झाल्यावर मी पायऱ्यांवरून वाकलो. ते वर येत म्हणाले, "अजगर मेल्यावर बोलत न्हाय मास्तर. म्हनून गप बसलो."

पुढं कितीतरी वर्षांनी उमरग्याच्या स्टँडवर त्यांची शेवटची भेट झाली. सोबतच्या लेकीला कौतुकानं म्हणाले, "ह्ये ते मास्तर. ह्यांनीच मला नाटकात घेतलं व्हतं." माझी मान वर होईना. एसटी आली, ते चढले. मी खिडकीपर्यंत धावलो. म्हणायचं होतं, "निवृत्तीराव, माईक माझ्या हातात होता. माझं चुकलं."

म्हणालो, "सांभाळून जा."