मोगऱ्याची पांढरी माती

कुंडी समोर ठेवली की आक्का पानांकडे पाहायच्याच नाहीत. बोट मातीत खुपसायचं, बाहेर काढून अंगठ्यावर चोळायचं आणि मग झाडाच्या मालकिणीकडे बघायचं.

"पान काय बघून राहिलीस? आधी बोट घाल, मग बोल."

क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला मी नांदेडहून लातूरला आले, तेव्हा त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. खाली आक्का आणि त्यांच्याकडे राहणाऱ्या क्लासच्या मुली. गल्लीतल्या बायका माना टाकलेली, पिवळी पडलेली झाडं कडेवर घेऊन यायच्या, दवाखान्यात पोर न्यावं तशा. तुम्ही म्हणाल, पाण्याची बोंब असलेल्या गावात झाडाला काय होणार? वाळेल. पण आमच्या गल्लीत झाडं सडून मरायची. कित्येक दिवसांनी नळ यायचा. तो येणार म्हणून पिंपं रिकामी करायची, आणि शिळं पाणी फेकवत नाही म्हणून ते कुंडीत ओतायचं. त्यात थेंब वाया जाऊ नये म्हणून कुंडीचं भोक चिंधीने बुजवलेलं. आक्का चिंधी ओढून काढायच्या आणि त्या बाईला दारातच झाडायच्या. मुलीला रोज मार्क विचारणाऱ्या एका बापालाही त्यांनी फोनवर सुनावलं होतं, "भोक ठेवा जरा. पोरगी सडंल."

त्यांचा स्वतःचा मोगरा दाराशी सिमेंटच्या कुंडीत होता. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

आक्कांचं गाव भूकंपात गेलं. घराचं माळवद, ते जड मातीचं छत, पहाटे कोसळलं आणि शाळकरी लेक त्याखाली गेली. लेकीने अंगणात लावलेला मोगरा तेवढा वाचला, तो घेऊन त्या लातुरात आल्या. दरवर्षी भूकंपाच्या दिवशी त्या जुन्या गावठाणावर जायच्या आणि पडलेल्या घराची ओंजळभर पांढरी माती आणून मोगऱ्याला घालायच्या. ही माती माळवदावर थापतात, कारण ती पाणी आत जाऊ देत नाही.

एका उन्हाळ्यात मोगऱ्याची पानं पिवळी पडू लागली. खालून सुरुवात झाली आणि बघता बघता शेंड्यापर्यंत गेली. कुंडीत घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच वर तुंबलेलं दिसायचं. आक्कांचं बोलणं तुटक झालं. कुंड्या घेऊन येणाऱ्या बायका मोगऱ्याकडे चोरून बघायच्या आणि गुमान परत जायच्या. घरात सगळ्या पाय न वाजवता चालत होत्या.

देगलूरची एक मुलगी होती, भित्री. तिला ते झाड बघवेना. एका दुपारी ती केसांतल्या पिनेने वरची माती उकरायला बसली. आक्का मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हात काढ."

आवाज चढला नव्हता, पण पोरगी पांढरीफटक पडली. त्या दिवशी ती जेवली नाही. मला राहवेना, मी खाली आले.

"आक्का, वरची माती बसलीय. मुळाला हवा नाही. तुम्हीच बोट घालून बघा."

"त्यात न्हाई घालणार."

"का?"

"ती हाय त्यात."

यावर गप्प बसायला हवं होतं. पण झाड डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि ते गेल्यावर ही बाई कशाच्या आधाराने राहील याची मला धडकी भरली होती. मी बोलून गेले, "आक्का, मोगरा तिचा आहे. माती तर तिच्या अंगावर पडली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला सोसली नाही. मग उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर आमच्यात अक्षर नाही. खोली सोडायला सांगणार, अशी मी मनाची तयारी केली होती.

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा विषय निघाला की लोकांना ते बोट आठवतं, ती बोलणी आठवतात. मला एक सकाळ आठवते.

नळ आला होता आणि गल्लीभर घागरींचा आवाज चालला होता. मी खाली आले, तर कुंडी फोडलेली. आक्का जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या, मोगरा मांडीवर आडवा. लेकराला न्हाऊ घालावं तशी त्या नळाच्या धारेखाली त्याची मुळं धूत होत्या. काळी, सडकी मुळं बोटांनी अलगद तोडत होत्या. नवी कुंडी आणि शेणखताची माती शेजारी तयार होती. देगलूरची मुलगी नळी धरून उभी होती. पिंपं भरायची राहिली होती, पण आक्का नळी सोड म्हणत नव्हत्या.

मुळं मातीतून मोकळी झाली. तळाला दोन-तीन अजून पांढरी होती. आक्कांनी ती मला दाखवली.

धुतलेल्या मातीचा दुधी ओघळ अंगणाच्या उतारावरून रस्त्याकडे निघाला. आक्कांनी मोगरा मुलीच्या हातात दिला आणि त्या ओघळाच्या मागोमाग फाटकापर्यंत गेल्या. तिथे वाकून त्यांनी पाण्यावर हात फिरवला.

"जा माय," त्या म्हणाल्या. "लई दिस दाबून ठिवलं मी तुला."