साळूकाकी नसलेली कादंबरी

तुडीलच्या साळूकाकीला वाचता येत नाही. पण पुतण्याच्या, म्हणजे दत्तारामच्या, पहिल्या कादंबरीतली मशेरी लावून सावित्री नदीच्या पुरालाही शिव्या घालणारी बाई ती काकीच, हे गावानं तिला हसत हसत सांगितलं. काकी तडक त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "माझी मशेरी छापलीस, माझ्या शिव्या छापल्यास! परत माझा एक शब्द घेतलास तर बघ!"

यंदा दत्तारामच्या दुसऱ्या कादंबरीला बक्षीस मिळालं. पहिली कुणीही आपल्या घरादारावर लिहितो, खरा कस दुसरीत लागतो, म्हणून हे बक्षीस फक्त दुसरीलाच देतात म्हणे. देत असतील बापडे. काकीला ती वाचून दाखवायचं काम मात्र शेजारीण म्हणून माझ्या गळ्यात पडलं. सगळी गोष्ट शहरातल्या कुठल्याशा इमारतीत घडते. नदी नाही, भातलावणी नाही, माझा तर जीव कंटाळला. काकी मात्र रोज दुपारी कान देऊन बसायची आणि मध्येच विचारायची, "ती शिव्या देणारी बाय कवा येतेय गो?"

"येईल पुढं," म्हणत मी शेवटचं पानही वाचून टाकलं.

"झाली?" काकीनं विचारलं. पुस्तक तिनं माझ्या हातातून घेतलं आणि उगाच उलटंपालटं करून पाहिलं.

रविवारी दत्ताराम पेढे घेऊन आला. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. काकीनं पेढा घेतला, पण तो तसाच हातात धरून बसली.

"जन्मात माझं काय ऐकलं नायस रे दत्ता," ती म्हणाली. "हेच तेवढं कशाला ऐकलंस?"